नेट मागच्या खोलीपर्यंत

दुपारी अडीचच्या सुमाराला, सगळी गल्ली आडवी झालेली असताना, चौकातल्या नळानं ढेकर दिली.

सोलापूरच्या माणसाला ही ढेकर ओळखायला शिकवावी लागत नाही. आधी घशातली खरखर, मग एक उचकी, मग अर्धं मिनिट भयाण शांतता आणि मग धार. महादेवीबाईंना दाराची बेल ऐकू येत नाही, कुकरच्या चार शिट्ट्या ऐकू येत नाहीत, "आत्या, चहा गार होतोय" हे तर गेल्या सहा वर्षांत एकदाही ऐकू आलेलं नाही. पण नळाच्या घशात खरखर झाली रे झाली की त्या गाढ झोपेतनं ताठ उठून बसतात आणि गल्लीला जाग येईल अशा आवाजात ओरडतात, "आलं गं आलं! ऊठ!"

त्या बुधवारी मात्र त्यांची सून उठली नाही. उत्कर्षा मागच्या खोलीत दार लावून बसली होती. कमरेच्या वर इस्त्रीची निळी कुर्ती, कमरेच्या खाली घरातला विटका परकर आणि समोर लॅपटॉपात पुण्याच्या एका ऑनलाइन शिकवणी कंपनीच्या मॅडम. पिंकीच्या वेळी शाळेतली नोकरी सुटली, त्याला पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत "तुम्हाला काय वाटतं?" असं तिला कुणी विचारलं नव्हतं. अपवाद भाजीवाल्याचा, आणि तोही फक्त मेथीबद्दल. आज मॅडम विचारत होत्या. मुलांना भागाकार का अवघड जातो, तुम्हाला काय वाटतं? उत्कर्षाला खूप काही वाटत होतं. ती बोलत होती, मॅडम मान डोलवत होत्या, आणि बाहेर आत्या एकट्यानं पिंपं, घागरी, बादल्या, पातेली आणि शेवटी चहाची किटली भरत होत्या. चार दिवसांआड येणाऱ्या पाण्याला घरातलं एकही भांडं रिकामं दिसलं तर ते रुसतं, अशी त्यांची श्रद्धा होती.

पाणी गेलं. आणि उत्कर्षा "मुळात मुलांची भीती ही…" एवढं म्हणून थिजली. म्हणजे ती बोलतच होती, पण पडद्यावरची उत्कर्षा एक डोळा मिटून, तोंडाचा चंबू करून, सात मिनिटं तशीच बसून राहिली. सात मिनिटांनी मॅडमही गेल्या.

संध्याकाळी मेल आला. तुमचं बोलणं आवडलं, पण तुमचं नेट फार कमजोर आहे. घरी ड्युअल-बँड राउटर बसवून घ्यावा. सोमवारी अकरा वाजता नमुना-तास. विषय: इयत्ता तिसरी, लिटर आणि मिलिलिटर. बंद दाराची शांत खोली आवश्यक. पुन्हा संधी देता येणार नाही.

उत्कर्षानं तो मेल चार वेळा वाचला. दोनदा स्वतःशी आणि दोनदा पिंकीला मांडीवर घेऊन, गोष्टीसारखा. पिंकी म्हणाली, "यात राक्षस कुठाय?" राक्षस अजून खोक्यातच होता.

आता घराचा नकाशा सांगायला हवा, कारण पुढच्या सगळ्या मानहानीचं मूळ त्यात आहे. शुक्रवार पेठेतलं ते घर रुंदीला एका खाटेएवढं आणि लांबीला एका वरातीएवढं होतं. आधी पुढची खोली, मग आठ पावलांचा उघडा चौक, मग मागची खोली. पुढच्या खोलीत नेटची तार येऊन पडलेली, पण तिथं आत्यांची खाट, आत्यांचा टीव्ही, गल्लीत उघडणारं दार आणि बरोबर समोर गोजरबाईंची पिठाची गिरणी. गिरणी सुरू असली की त्या खोलीत माणसं बोलत नसत, फक्त हातवारे करत. शांतता काय ती मागच्या खोलीत. मोबाईलची रेंज म्हणाल तर संपूर्ण घरात एकाच जागी यायची, मोरीच्या उंबऱ्यावर, आणि तीसुद्धा उकिडवं बसलं तर. तिथं बसून लिटर शिकवता आलं असतं, पण प्रतिष्ठेनं नाही.

नवऱ्याला, म्हणजे अभिमन्यूला, तिनं दुधनीला फोन केला. तो तिथं धान्य बाजारात एका आडतीवर हिशेबनीस होता आणि सकाळी जाऊन रात्री परतायचा. तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल तो घे." लग्न होऊन सहा वर्षं झालेल्या बाईला या वाक्याचा अर्थ बरोबर कळतो. चांगला निघाला तर आपण घेतला, वाईट निघाला तर तू.

मग उत्कर्षानं अभ्यासाला सुरुवात केली. अभ्यास कसला, चोरीच ती. डाळ शिजेपर्यंत दोन परिच्छेद, पिंकी झोपली की अर्धं पान, आत्या देवपूजेला बसल्या की एक तुलनात्मक तक्ता. तिच्या लक्षात आलं की जगात लोक जोडीदार निवडताना एवढा विचार करत नाहीत जेवढा राउटर निवडताना करतात. ड्युअल-बँड म्हणजे लहरींचे दोन रस्ते. एक जुना, लांब जाणारा, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वर्दळीचा. दुसरा नवा, मोकळा, वेगवान, पण पुढ्यात भिंत आली की हातपाय गाळणारा. हे वाचून तिला माहेरची आणि सासरची माणसं आठवली. कोण कुठल्या रस्त्याचं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. एका लेखाच्या तळाशी लिहिलं होतं की राउटर माशांच्या काचपेटीजवळ ठेवू नये. ती मोठ्यांदा हसली. ज्या गावात माणसांना पाचव्या दिवशी पाणी मिळतं, तिथं मासे कोण पाळतंय!

हसण्याचा आवाज ऐकून गुरुसिद्धप्पाकाका आत आले. शेजारचे हे काका टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं खांबावर काढल्यामुळे जमिनीवरच्या माणसांकडं ते जरा वरूनच बघायचे.

"सूनबाई, राउटर-बिउटर काय न्हाय. जॉइंट लूज हाय."

"काका, याला जॉइंट नसतो. हवेतनं येतं हे."

"हवेला बी जॉइंट असतोय की! दिसत न्हाय एवढंच." आणि त्यांनी भिंतीवरच्या तारेला असं काही हलवलं की होतं तेही नेट दोन तास गेलं.

गुरुवारी सकाळी ती आत्यांना आणि पिंकीला घेऊन नव्या पेठेत चन्नवीरच्या दुकानात गेली. आत्यांना नेण्याचं कारण नव्हतं, पण घरात काही घ्यायचं आणि त्या बरोबर नाहीत असं झालं, तर ती वस्तू त्यांच्या लेखी घरात येतच नाही. मिक्सरला त्या अजून "तुझा तो" म्हणतात. चन्नवीरनं तीन राउटर मांडले. दोन काड्यांचा, चार काड्यांचा आणि सहा काड्यांचा. तिसरा उताणा पडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता.

उत्कर्षानं वही उघडून विचारलं, "यात बीमफॉर्मिंग आहे?"

चन्नवीरनं तिच्याकडं आदरानं पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता आणि त्याचं उत्तरही त्याच्याकडं नव्हतं. "सगळं हाय मॅडम," तो म्हणाला. "वर स्टिकर बी हाय."

आत्यांनी दोन काड्यांचा उचलून तळहातावर तोलला. "लई हलकं हाय. टिकणार न्हाय."

"आजी, राउटर हलकाच असतो."

"आमचा रेडिओ पाच शेर होता. तीस वर्सं वाजला."

वहीतला तक्ता, आत्यांचं वजन आणि पिंकीला लागलेली शू या तिन्हींचा मेळ घालून शेवटी दोन काड्यांचाच घेतला. घरी आल्यावर आत्यांनी त्याच्या कपाळावर, म्हणजे जिथं दिवे लागतात तिथं, विभूतीची तीन बोटं ओढली. दिवे दिसेनासे झाले, पण त्याला एक घरंदाजपणा आला.

पुढच्या खोलीत नेट घोड्यासारखं धावत होतं. उत्कर्षा लॅपटॉप घेऊन चौक ओलांडून मागच्या खोलीत गेली, आणि घोडा उंबऱ्यात बसला.

मग उदयसिंहला बोलावलं. उदयसिंह हा त्या भागातला केबलवाला. तक्रार केली की तो आधी एक तक्रार क्रमांक देत असे. तो क्रमांक उत्कर्षा पुढच्या खोलीतल्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेत लिहून ठेवायची. क्रमांक मिळाला की निम्मं दुःख कमी होतं, हा त्याचा अनुभव होता, तिचा नव्हता. तो आला, पुढच्या खोलीत उभा राहिला, मोबाईल बघितला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या बाजूनं सगळं ओके आहे."

"पण माझी बाजू मागच्या खोलीत आहे!"

"मग वायर टाकू. भिंतीतनं एक होल मारलं की झालं."

चौकाची ती भिंत दोन फूट दगडी. उदयसिंहचं ड्रिल आत चार बोटं गेलं, किंचाळलं, त्यातनं धूर निघाला आणि गिरमिट भिंतीतच मोडलं. ते काढायला त्यानं पक्कड लावली, तर पक्कडच वाकली. भिंत जशीच्या तशी होती. मोडक्या गिरमिटाला आत्यांनी पंधरा मिनिटांच्या आत लसणाची पिशवी अडकवली. त्या जागी खुंटी असावी असं त्यांना गेली चाळीस वर्षं वाटत होतं म्हणे.

शुक्रवारी राउटर बदलून आणायला ती पुन्हा नव्या पेठेत गेली. चन्नवीर म्हणाला, बदलून मिळेल, पण खोकं लागेल. खोकं होतं, पण त्यात पिंकीची बाहुली बाळंतीण झाली होती. बाहुली, बाळ आणि दुपट्याचा तुकडा बाजूला काढून उत्कर्षानं खोकं काउंटरवर ठेवलं.

"अर्ज लिहून द्या. वरती पाठवावा लागतो."

"वरती म्हणजे? कंपनीकडं?"

"वरती म्हणजे वरती." त्यानं बोट केलं. पोटमाळ्यावर त्याचा थोरला भाऊ नागप्पा बसलेला होता, तिथनं त्याचे पाय दिसत होते. उत्कर्षानं 'राउटर बदलून मिळणेबाबत' असा अर्ज लिहिला. तो राउटरसकट दोरीच्या पिशवीतून वर गेला. थोड्या वेळानं पिशवी खाली आली. 'कारण सविस्तर लिहावे.' तिनं सविस्तर लिहिलं. पिशवी गेली, आली. 'डब्यावर राखेसारखे काय आहे?' तिनं लिहिलं, 'विभूती.' या वेळी पिशवी येण्याऐवजी वरनं आवाज आला, "विभूती लावलीय? मग दे रे दे. आपल्यातलेच हायत."

अशा रीतीनं सहा काड्यांचा खेकडा घरात आला.

शुक्रवारी संध्याकाळी मागच्या खोलीत नेट जरा लंगडत आलं. शनिवारी नीट चालायला लागलं. रविवारी तर ते असं धावलं की उत्कर्षानं अख्खा तास पिंकीला शिकवून बघितला. तिनं चित्रं केली होती. हलणारा जग, त्यातनं पडणारं पाणी, खाली भरत जाणारं माप. पिंकी पुढच्या खोलीत आत्यांच्या मोबाईलवर विद्यार्थिनी झाली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा आवाज माझ्या आईसारखा येतो." उत्कर्षानं डोळ्यांतलं पाणी पुसलं. तिनं ते लिटरमध्ये मोजलं नाही.

यशाचे वाटेकरी रविवारी दुपारी चहाला जमले. चन्नवीरचा फोन आला की सहा काड्यांचं हे असंच असतं. उदयसिंह सांगून गेला की ड्रिल मारताना भिंतीत भेग पडली असणार, त्यातनं लहरी जातायत. गुरुसिद्धप्पाकाकांनी शनिवारी कुणाच्या नकळत तारेचा जॉइंट घट्ट केलेला होता. आत्यांनी फक्त नव्या राउटरवरची विभूती नीट केली, आणि त्या शांतपणातच सगळ्यात मोठा दावा होता.

सोमवारी पहाटे पाचला नळानं ढेकर दिली. या वेळी उत्कर्षा उठली, दोघींनी मिळून सगळं भरलं आणि सात वाजता अभिमन्यू "ऑल द बेस्ट" म्हणून गेला. जाताना तो खरंच हळवा झाला होता, कारण तो डबा विसरला. साडेनऊला उत्कर्षा कुर्ती घालून मागच्या खोलीत बसली. लॅपटॉप उघडला.

नेट नाही.

तिनं राउटर बंद केला, सुरू केला. काड्या उभ्या केल्या, आडव्या केल्या, एक पूर्वेला, एक मशिदीकडं, एक सिद्धेश्वराच्या देवळाकडं. सर्व धर्मांत अंधार होता. उदयसिंहला फोन लावला. तो म्हणाला, "आमच्या बाजूनं सगळं ओके आहे. तक्रार क्रमांक घ्या."

क्रमांक लिहायला ती कॅलेंडरपाशी गेली. हातात पेन, डोळ्यांत पाणी. आणि ती तशीच उभी राहिली. कॅलेंडरवर आत्यांची खूण असायची. पाणी आलं त्या तारखेला हळदीचं बोट. तीन तारखेला पिवळं बोट, त्याच चौकटीत तक्रार क्रमांक. आठला पिवळं बोट, त्याच्याखाली 'नेट गेलं'. तिनं मागचं पान उलटलं. तिथंही तेच. आज तेरा. पिवळं बोट अजून ओलं होतं.

ती चौकात आली. मागच्या खोलीच्या भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनशे लिटरची चार निळी पिंपं काठोकाठ भरून उभी होती. त्यांच्यावरच्या मांडणीत अकरा स्टीलच्या घागरी. अलीकडं राउटर, पलीकडं तिचं टेबल, आणि मध्ये ही पाण्याची तटबंदी. लहरी बिचाऱ्या येत होत्या आणि पिंपात बुडून मरत होत्या. शनिवार-रविवारी पिंपं तळाला गेली होती म्हणून नेट आलं. ना सहा काड्या, ना भेग, ना जॉइंट. मासे नव्हते, पण सोलापुरातली सगळ्यात मोठी काचपेटी आपल्याच घरात आहे, हे तिला आत्ता कळलं.

घड्याळात दहाला पाच कमी होते. आणि भरलेलं पिंप हलवणं हे माणसाचं काम नव्हे.

"आत्या," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तोंडातून काढायला तिला जेवढं धैर्य लागलं तेवढं लग्नाला होकार देताना लागलं नव्हतं. "पिंपं रिकामी करायला लागतील."

आत्या शेंगा निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "काय म्हनलीस?"

"पाणी आडवं येतंय. नेटला."

"पाणी आडवं येतंय?" आत्या उठल्या. "माझं लगीन झालं तवा लांबच्या आडावरनं पाणी आणायची मी. पोटात अभिमन्यू असताना आणलंय. हितं बाया घागरीसाठी एकमेकीच्या झिंज्या धरत्यात, आणि तू पाणी ओतून देनार? साकु! बास झालं तुजं नेट!"

उत्कर्षा वाद घालणार होती, वाक्यं तयारही होती. पण तिचं तोंड उघडलं आणि त्यातनं भलतंच बाहेर पडलं. "आत्या, त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं म्हणून. मला परत कुणी विचारणार नाही हो."

पुढच्या खोलीत टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं. आत्यांनी सुनेकडं पाहिलं. मग पिंपांकडं. मग बराच वेळ मोरीकडं.

"पाणी ओतायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "वापरायचं. चादरी काढ."

"कुठल्या?"

"सगळ्या."

सोलापूरच्या घरात 'सगळ्या चादरी' हे दोन शब्द विचार करून वापरावेत. लग्नात आलेल्या, बारशाला आलेल्या, निवृत्तीला आलेल्या, पाहुण्यांना द्यायच्या म्हणून घेतलेल्या आणि पाहुणे बरे नव्हते म्हणून न दिलेल्या. पेटीतनं, माळ्यावरनं, गादीखालनं एकोणीस जाडजूड चादरी निघाल्या. एकेक चादर दोन बादल्या पाणी पिऊन वर तोंड वासून बघणारी. तरी दोघींच्यानं एका तासात चार पिंपं संपणं शक्य नव्हतं. आत्या दारात गेल्या आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडल्या, "गोजर! चादरी घेऊन ये! आमच्या पाण्यानं धू!"

दुसऱ्याच्या पाण्यानं आपली चादर धुवायची संधी या शहरात बाईला जन्मात एकदा मिळते. गोजरबाईंनी ऐकलं, कानावर विश्वास बसला नाही म्हणून परत विचारलं, आणि गिरणीचा पट्टा थांबवून आल्या. त्यांच्यामागं अर्धी गल्ली आली. येताना प्रत्येकीनं आधी आत्यांच्या तब्येतीची चौकशी केली. "कुनाचं काय वाईट झालंय का?" एकीनं हळूच विचारलं.

"काय न्हाय," गोजरबाई म्हणाल्या. "सुनेची नोकरी पिंपात अडकलीया. पिळा!"

चौकात फेसाचा महापूर आला. धोपटण्यांच्या तालावर घर हलू लागलं. गुरुसिद्धप्पाकाका दारातनं "आधी जॉइंट बघा" म्हणत होते, तर त्यांच्या हातात पिळायला चादरीचं एक टोक देण्यात आलं. दुसरं टोक गोजरबाईंकडं होतं. काका दोनदा भुईवरून उचलले गेले. खांबाची सवय असल्यामुळे त्यांना काही वाटलं नाही.

अकराला पाच कमी असताना तीन पिंपं कोरडी झाली. मागच्या खोलीत नेट आलं. उत्कर्षानं दार लावलं, ओले हात परकराला पुसले आणि अकराच्या ठोक्याला म्हणाली, "नमस्कार मुलांनो!" पलीकडं मॅडम आणि त्यांच्या दोन सहकारी तिसरीतली मुलं होऊन बसल्या होत्या. जग हलला, पाणी पडलं, माप भरायला लागलं. पाच मिनिटं सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं.

मग माप अर्ध्यावर थांबलं. मॅडमचं तोंड चौकोनी झालं.

उत्कर्षानं दार उघडून पाहिलं. धुतलेल्या चादरी वाळत घालायला हव्यातच. आत्यांनी चौकात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच दोऱ्या बांधल्या होत्या, आणि त्यांवर छत्तीस चादरी, ओल्याचिंब, टपटपत, खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. पिंपातलं पाणी कुठंही गेलं नव्हतं. ते फक्त उभं राहिलं होतं.

आता रडायलाही वेळ नव्हता. तिनं लॅपटॉप उघडाच उचलला आणि त्या चादरींत घुसली. पुण्याच्या तिघींना पुढचं अर्धं मिनिट काय काय दिसलं, हे त्यांनी नंतर कधी सविस्तर सांगितलं नाही. मोरांची एक रांग, गोजरबाईंचं कोपर, पाण्याचा एक थेंब कॅमेऱ्यावर, गुरुसिद्धप्पाकाकांची बनियन, आकाश, आणि शेवटी विटका परकर, संपूर्ण. उत्कर्षा पुढच्या खोलीत पोचली, आत्यांच्या खाटेवर लॅपटॉप टेकवला, केसांतनं निथळतच टीव्ही बंद केला आणि थबकली.

शांतता होती. गिरणी बंद होती, कारण गिरणीवाली चौकात चादर पिळत होती.

पण राउटरशेजारी येऊनही हलणारा जग काही परत हलेना. बंद पडला तो पडलाच. मॅडम म्हणाल्या, "तुमची चित्रं दिसत नाहीत."

"दिसणार नाहीत," उत्कर्षा म्हणाली. तिच्या आवाजात आता एक वेगळाच बेफिकीरपणा आला होता. परकर जगानं पाहिल्यावर माणूस जसा मोकळा होतो, तसा. "मुलांनो, चित्र राहू दे. तुमच्या घरी पाणी किती दिवसांनी येतं?"

तिसरीतल्या मुली झालेल्या बायका गोंधळल्या. एक म्हणाली, "रोज."

मागं चौकातून कुणीतरी मोठ्यांदा "अगं बाई!" म्हणालं.

"आमच्याकडं पाचव्या दिवशी. आता सांगा, घरात चार माणसं आणि पिंपं चार. एकेक पिंप दोनशे लिटरचं. तर एका माणसाला दिवसाला किती?" तिनं हात पुढं केला तर कुणीतरी हातात तांब्या दिला. पुढं घागर आली. मग पिंकीचा दुधाचा पेला. एक पेला म्हणजे दोनशे मिलिलिटर. पाच पेल्यांचा तांब्या. पंधरा तांब्यांची घागर. चूळ भरायला किती, भांडी विसळायला किती, एक चादर धुवायला किती. पुण्याची एक मॅडम पानावर गणित करायला लागली आणि चुकली. "हातचा राहिला वं बाई!" गोजरबाई दारातनं म्हणाल्या. दारात आता ओल्या पदरांची रांगच उभी होती. कुणी हलत नव्हतं. आत्या मात्र आपल्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या. सुनेला शिकवताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. नंतर कळलं की त्या चाळीस वर्षं आणलेल्या पाण्याचे लिटर करत होत्या.

तास बारा मिनिटं जास्त चालला. मॅडमनी विद्यार्थिनीपण सोडून चष्मा लावला. "घरात नेहमी एवढी माणसं असतात?"

"नाही," उत्कर्षा म्हणाली. "आज चादरी आहेत म्हणून."

मॅडम हसल्या. मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या की एक तारखेपासून या. रोज चार ते आठ. पण हे आज चाललं ते चाललं, पुढं बंद खोली हवी. घरातलं कुणीही आत येता कामा नये, आवाजही नको. मूलसुद्धा. तुम्हाला काय वाटतं, जमेल?

"जमेल," उत्कर्षा म्हणाली. आपला होकार तिनं आपल्याच कानानं ऐकला.

मग गल्लीनं आरडाओरडा केला, गोजरबाईंनी तिच्या गालावरून ओले हात फिरवले, काकांनी "जॉइंट" एवढंच म्हटलं. आत्या उठल्या आणि खाट भिंतीला सरकवून राउटरच्या बाजूला टेबल मावतं का, हे वितीनं मोजायला लागल्या. खाट मागच्या खोलीत जाईल, त्या म्हणाल्या, गिरणी चारला बंद करायला गोजरला सांगू, आणि टीव्ही काय, तिथंही लागतोय.

दुपारी सगळं निवलं. उत्कर्षा पिंकीजवळ आडवी झाली. पिंकीच्या अंगाला साबणाचा वास येत होता. आज सकाळपासून तिला सगळ्यांनी बाजूला सारलं होतं, आणि तिनं एकदाही भोकाड पसरलं नव्हतं. तेच उत्कर्षाला आता टोचत होतं.

"आई, तू रोज दार लावून शिकवणार?"

"हो गं. चार ते आठ. तू आजीजवळ खेळायचं."

"आणि मला काही लागलं तर?"

"आजीला सांगायचं."

"आणि तूच लागलीस तर?"

उत्कर्षानं तिला जवळ ओढलं. "मग हाक मारायची. पण हळू. आणि मी लगेच येणार नाही. तास संपला की येणार."

पिंकीनं विचार केला. तिचा विचार तिच्या पायाच्या अंगठ्यात दिसायचा. तो वर-खाली होत राहिला. मग ती आईकडं वळली, इतकी जवळ की तिचे डोळे एकच झाले, आणि तिनं विचारलं,

"मग तू नाही आलीस तर ते तुला ऐकूच गेलं नाही म्हणून, का ऐकून पण नाही आलीस म्हणून, हे मला दाराबाहेर कसं कळणार?"